विकेंद्रित सोशल नेटवर्कवर क्रिप्टोत टिप: नाव आणि पाकीट वेगळं कसं ठेवायचं

माझ्या प्रोफाइलमध्ये मी बिटकॉइनचा पत्ता पहिल्यांदा टाकला तेव्हा मनात एवढंच होतं, की कुणाला लिखाण आवडलं तर त्याने चार पैसे पाठवावेत. तीन-चार आठवड्यांनी एका अनोळखी वाचकाचा निरोप आला. भाषा सभ्य होती. "ताई, तुमच्या टिपच्या पत्त्यावरून तुमची सगळी बचत दिसतेय. पत्ता लवकर काढा." खाली त्याने रक्कम लिहिली होती. शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर.

त्याने काहीही फोडलं नव्हतं, कुठलाही पासवर्ड चोरला नव्हता. झालं असं होतं, की एकदा मी टिपमध्ये जमलेले पैसे आणि बचतीतले थोडे पैसे एकाच व्यवहारात खर्च केले होते. त्या एका व्यवहाराने दोन्हींचा मालक एकच असल्याचं सगळ्या जगाला कळलं, आणि तिथून मागे जात जात त्याने माझी सगळी खाती जुळवली. कुणी वाईट हेतूने हेच केलं असतं तर मला निरोपही आला नसता.

त्यानंतर मी जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. नॉस्टर, मॅस्टोडॉन, फारकास्टर, लेन्स यांपैकी कुठेही तुम्ही नव्याने टिप घ्यायला किंवा द्यायला लागला असाल, तर पत्ता चिकटवण्याआधी हे वाचा. 'विकेंद्रित' म्हटलं की आपण गृहीत धरतो, की आता वर कुणी पाहणारा नाही. पण मधला मालक गेला की त्याच्या कुलूपबंद नोंदवह्याही जातात आणि त्यांच्या जागी कुणालाही वाचता येतील अशा वह्या येतात. बँकेतला व्यवहार बँकेला दिसतो, शेजाऱ्याला दिसत नाही. इथे शेजाऱ्यालाही दिसतो.

त्यातही खरी अडचण साखळीवरचा, म्हणजे सगळ्यांना वाचता येणाऱ्या ब्लॉकचेनच्या वहीतला, व्यवहार ही नाही. नुसता पत्ता म्हणजे अक्षरांची माळ, तिला चेहरा नसतो. सोशल नेटवर्कवर आपण स्वतःच्या हाताने तिला चेहरा, नाव, मतं, मित्रमंडळी आणि झोपेच्या वेळा जोडून देतो. ही जोडणी टाळणं हेच या लेखातलं मुख्य काम आहे.

हाताशी काय हवं

- टिपसाठी नवं वॉलेट (पैशांच्या चाव्या सांभाळणारं ॲप), नव्या सीड फ्रेजसह, म्हणजे वॉलेट पुन्हा उघडून देणाऱ्या गुप्त शब्दांच्या माळेसह. जुन्या वॉलेटमधलं दुसरं खातं चालणार नाही, कारण पायरी ३ मध्ये आहे.
- लाइटनिंगवर, म्हणजे बिटकॉइनवर बांधलेल्या झटपट व्यवहारांच्या जाळ्यावर, टिप घ्यायची असेल तर लाइटनिंग वॉलेट. चाव्या आपल्याच हातात ठेवणाऱ्यांत फीनिक्स आणि झ्यूस ही नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील.
- साखळीवरच्या बिटकॉइनसाठी कोणती नाणी (वेगवेगळी आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे एक नाणं) खर्च करायची ते निवडू देणारं वॉलेट. संगणकावर स्पॅरो हे काम चांगलं करतं.
- टॉर ब्राउझर. तो तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, समोरच्या साइटपासून झाकतो.
- एक कागदी वही. कोणती रक्कम कुठून आली हे लिहायला. कराच्या हिशेबालाही हीच वही उपयोगी पडते.
- सीड फ्रेज लिहायला वेगळा कागद. तिचा स्क्रीनशॉट काढू नका, ती नोट्समध्ये ठेवू नका आणि स्वतःला ईमेल करू नका.

चाव्या स्वतःकडे असलेल्या वॉलेटमध्ये टिप घ्यायला कुठलंही ओळखपत्र लागत नाही. "टिप चालू करण्यासाठी केवायसी करा" किंवा "वॉलेट पडताळणीसाठी बारा शब्द टाका" असा निरोप आपणहून आला, तर तो फसवणुकीचा समजा. बारा शब्द तर कुणालाच द्यायचे नसतात.

पायरी १: कोणापासून काय झाकायचं ते लिहून काढा

सगळ्यांपासून सगळं झाकायला गेलात तर दोन दिवसांत कंटाळून सोडून द्याल. वहीत दोन ओळी लिहा: मला कोणापासून झाकायचं आहे आणि नेमकं काय.

बहुतेकांच्या यादीत पहिला येतो तो उत्सुक वाचक, मग वादात दुखावलेला एखादा माणूस, मग आपल्याबरोबर काम करणारे. त्यानंतर व्यवहारांचा माग काढणाऱ्या कंपन्या, ज्यांचा धंदाच पत्त्यांना नावं चिकटवण्याचा आहे. मग वॉलेट चालवणारी संस्था, आणि सरकारी यंत्रणा. यातल्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी दिसतं, म्हणून उपायही वेगळे.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असं वाटत असेल तर एक घटना सांगते. २०२० मध्ये लेजर या हार्डवेअर वॉलेट (चाव्या ठेवायचं छोटं यंत्र) बनवणाऱ्या कंपनीच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर इंटरनेटवर उघडे पडले. चाव्या सुरक्षित होत्या, एकाही वॉलेटमधून त्यामुळे थेट पैसा गेला नाही. तरी पुढे कितीतरी काळ त्या लोकांना धमक्यांचे आणि फसवणुकीचे निरोप येत राहिले. त्या यादीत फक्त एवढंच होतं, की या माणसाकडे क्रिप्टो असावं. किती, ते नव्हतं. प्रोफाइलला जोडलेला पत्ता तर 'किती' हेही सांगतो.

पायरी २: तुमचं नेटवर्क आपणहून काय उघड करतं ते पाहा

मॅस्टोडॉनमध्ये पैसे पाठवायची अंगभूत सोय नाही. लोक बायोमध्ये पत्ता किंवा दुवा टाकतात, एवढंच. पण तिथला खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतो, कारण तो टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतो. म्हणून "पत्ता मेसेजमध्ये पाठवते" हा उपाय वाटतो तितका खासगी नाही.

फारकास्टरवर तुम्ही इथेरियमचा (बिटकॉइनहून वेगळ्या क्रिप्टो साखळीचा) पत्ता सही करून प्रोफाइलला जोडता. ती जोडणी सार्वजनिक नोंद असते, कुठलंही ॲप ती वाचू शकतं. म्हणजे इथे कुणाला माग काढायचेही कष्ट नाहीत. "हा पत्ता माझाच" असं तुम्ही सही करून दिलेलं असतं. मुख्य वॉलेट जोडलंत तर त्यातली शिल्लक, घेतलेले टोकन, दिलेली मतं असं सगळं उघडं.

लेन्स २०२२ मध्ये पॉलिगॉन साखळीवर सुरू झालं तेव्हा प्रोफाइलच मुळी एनएफटी, म्हणजे पाकिटात राहणारं एकमेव टोकन, होतं. तुमची सामाजिक ओळख आणि तुमचं पाकीट एकाच जागी. सोयीचं खरं, पण नव्या माणसाने तिथे रिकाम्या, नव्या पत्त्यानेच शिरावं.

नॉस्टरची गोष्ट निराळी. तिथली ओळख म्हणजे चाव्यांची जोडी: 'एनपब' ही सगळ्यांना देण्याची, 'एनसेक' ही कुणालाच न देण्याची. गणित बिटकॉइनच्या चाव्यांचंच असलं तरी ही जोडी तुमच्या पैशांची नसते, त्यामुळे वॉलेट वेगळं ठेवणं सोपं जातं. पण तिथे 'झॅप', म्हणजे पोस्टखालीच द्यायच्या टिपा, आहेत. त्यांची पायरी वेगळी आणि मोठी आहे, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिथेच दिसतात.

पायरी ३: टिपचं वॉलेट पूर्ण वेगळं करा

बिटकॉइनचा मूळ शोधनिबंध २००८ चा. त्यात खासगीपणावर एक छोटा भाग आहे. प्रत्येक व्यवहाराला नवी चावी वापरा, असा सल्ला त्यात आहे, आणि पुढेच कबुलीही आहे, की एका व्यवहारात अनेक ठिकाणचे पैसे एकत्र आले तर ते एकाच मालकाचे होते हे उघड होतं. माझं नेमकं हेच झालं होतं. २०१३ मध्ये सारा मायकलजॉन आणि सहकाऱ्यांनी याच खुणेच्या आधारे असंख्य पत्ते गटांत बांधून दाखवले. आज बिटकॉइनचा माग काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक साधनाचा पाया तोच आहे.

म्हणून:

१. नवं वॉलेट नव्या सीड फ्रेजने उघडा, शक्यतो वेगळ्या ॲपमध्ये. एकाच ॲपमधली दोन खाती साखळीवर वेगळी दिसली तरी ॲप दोन्हींची शिल्लक एकाच सर्व्हरला, एकाच वेळी, एकाच आयपी पत्त्यावरून विचारतं. त्या सर्व्हरपुरती ती जोडली गेलीच.

२. या वॉलेटमध्ये बचतीतून पैसे टाकू नका आणि यातले बचतीत नेऊ नका. "थोडेसेच तर आहेत" म्हणून केलेला व्यवहारही कायमचा लिहिला जातो.

३. आलेल्या प्रत्येक रकमेला वॉलेटमध्येच नाव द्या: कुठून आली, कशाबद्दल. खर्च करताना निवड करायला हेच लागतं.

इथेरियमच्या घराण्यात एक सापळा आहे, त्यात जवळजवळ प्रत्येक नवखा अडकतो. नव्या पत्त्यावर कुणीतरी टोकनमध्ये टिप पाठवतं. ती हलवायला गॅस, म्हणजे इथर या इथेरियमच्या मूळ नाण्यात भरायचं शुल्क, लागतो, आणि गॅससाठी खात्यात काहीच नसतं. मग माणूस मुख्य वॉलेटमधून चिमूटभर इथर पाठवतो. झालं! नव्या पत्त्यावर आलेल्या इथरची पहिलीच नोंद जुन्या पत्त्याकडे बोट दाखवते, आणि माग काढणारा सर्वांत आधी तीच पाहतो. पहिला गॅस टिपमधूनच येऊ द्या. एखाद्या वाचकाला सरळ सांगा, की पहिली टिप इथरमध्येच पाठव. ते जमत नसेल तर गॅसचा भार स्वतः उचलणारं वॉलेट पाहा.

पायरी ४: एकच कायमचा पत्ता चिकटवू नका

बायोमधला स्थिर पत्ता म्हणजे सार्वजनिक पासबुक. आलेली प्रत्येक टिप, तिची तारीख, तुमची शिल्लक आणि तुम्ही ते पैसे पुढे कुठे नेले, सगळं त्यावर. शिवाय पाठवणाराही उघडा पडतो. त्याने त्याच्या पत्त्यावरून तुमच्या नावाच्या पत्त्यावर पैसे पाठवले, हे कुणीही पाहू शकतं. तुम्ही एखाद्या नाजूक विषयावर लिहीत असाल तर हे तुमच्यापेक्षा तुमच्या वाचकांना जास्त महागात पडू शकतं. मला स्वतःला ही बाब सर्वांत गंभीर वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं.

पर्याय तीन आहेत.

पहिला, लाइटनिंग पत्ता. दिसायला ईमेलसारखा असतो. कुणी तो वापरला की त्याचं वॉलेट तुमच्या सर्व्हरला विचारतं आणि दरवेळी नवं इन्व्हॉइस, म्हणजे एकदाच वापरायचं मागणीपत्र, मिळवतं. मधली देवाणघेवाण बिटकॉइनच्या साखळीवर उमटत नाही. पण सर्व्हरला पैसे देणाऱ्याचा आयपी पत्ता दिसतो. आणि हो, लाइटनिंग पत्त्यातलं नाव तुमच्या ईमेलचंच ठेवू नका. लोक सवयीने तेच करतात.

दुसरा, बिटकॉइनमधले सायलेंट पेमेंट्स, म्हणजे बिप (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) ३५२. तुम्ही 'एसपी१' ने सुरू होणारा एकच लांबलचक पत्ता जाहीर करता, पण प्रत्येक पाठवणारा त्यातून गणिताने नवा पत्ता तयार करतो. साखळीवर पाहणाऱ्याला ते पत्ते एकमेकांशी किंवा तुमच्याशी जोडता येत नाहीत. इथेरियमच्या बाजूला याच कल्पनेचे स्टेल्थ पत्ते आहेत. सध्या सगळी वॉलेट हे हाताळत नाहीत, म्हणून वाचकांना आधी विचारून घ्या. आणि आलेली नाणी पुढे एकत्र करून खर्च केलीत, तर पायरी ३ मधली चूक इथेही तेवढीच लागू पडते.

तिसरा, मोनेरो. २०१४ पासून चालू असलेल्या या नाण्यात पाठवणारा, घेणारा आणि रक्कम हे तिन्ही मुळातच झाकलेले असतात. पत्ता उघड टाकला तरी त्यावर किती आले हे बाहेरच्याला दिसत नाही. अडचण वेगळी आहे: अनेक मोठ्या एक्स्चेंजनी (क्रिप्टो विकत घेण्या-विकण्याच्या बाजारांनी) ते काढून टाकलं आहे. बायनान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढलं. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यानुसार जुलै २०२७ पासून तिथल्या सेवा-कंपन्यांना अशी नाणी हाताळता येणार नाहीत. तुमच्या देशात काय स्थिती आहे ते आधी पाहा.

पायरी ५: झॅप पाठवण्याआधी त्याची पावती एकदा वाचा

नॉस्टरवर पोस्टखालचं विजेचं चिन्ह दाबलं की झॅप जातो. सोपं, गोड, आणि लाइटनिंगवरून जाणारं. लाइटनिंग कांद्याच्या पापुद्र्यांसारखं गुंडाळून पैसे पुढे पाठवतं. मधल्या नोडला, म्हणजे वाटेतल्या संगणकाला, फक्त मागचा आणि पुढचा शेजारी कळतो, मूळ कोण आणि शेवट कुठे हे कळत नाही. म्हणून लोक निर्धास्त असतात.

पण झॅप म्हणजे फक्त पैसे नव्हेत. तुमचं ॲप आधी एक 'झॅप विनंती' तयार करतं, ९७३४ क्रमांकाच्या प्रकाराची, आणि त्यावर तुमच्या नॉस्टर चावीने सही करतं. ही विनंती घेणाऱ्याच्या वॉलेट सर्व्हरकडे जाते. पैसे पोचले की तो सर्व्हर 'झॅप पावती' तयार करतो, प्रकार ९७३५, आणि रिलेंवर, म्हणजे नॉस्टरच्या नोंदी साठवणाऱ्या सर्व्हरवर, सर्वांसाठी प्रसिद्ध करतो.

मी एकदा माझ्याच एका झॅपची पावती कच्च्या रूपात उघडून ओळ न् ओळ वाचली. तुम्हीही वाचा, बऱ्याच ॲपमध्ये 'रॉ' किंवा 'जेसन पाहा' असा पर्याय असतो. छोट्या 'पी' टॅगमध्ये घेणाऱ्याची सार्वजनिक चावी. 'ई' टॅगमध्ये ज्या पोस्टसाठी झॅप दिला तिचा क्रमांक. 'बोल्ट११' या टॅगमध्ये पूर्ण इन्व्हॉइस, आणि त्याच्या पहिल्या काही अक्षरांतच रक्कम: 'एलएनबीसी२१०एन' म्हणजे २१० नॅनो-बिटकॉइन, म्हणजे २१ सॅट्स (सॅट हे बिटकॉइनचं सर्वांत लहान एकक). मग 'डिस्क्रिप्शन' टॅग, आणि त्यात माझी मूळ विनंती जशीच्या तशी, माझ्या सहीसकट. मी सोबत लिहिलेली ओळही. शेवटी सेकंदापर्यंतची वेळ.

म्हणजे लाइटनिंगने जे झाकलं ते पावतीने उघड केलं: कोणी, कोणाला, कशाबद्दल, किती आणि कधी. आणि हे माझ्या सहीने शाबीत.

ती पुसायची म्हटलं तर? नॉस्टरमध्ये आपली नोंद पुसण्याची विनंती रिलेला करता येते, मानणं न मानणं रिलेवर. पण पावतीवर माझी सहीच नसते, ती घेणाऱ्याच्या वॉलेट सर्व्हरची असते. त्यामुळे मला तेवढी विनंतीही करता येत नाही. हे मला कळलं त्या दिवशी मी झॅपची सगळी सेटिंग बदलली.

एका पावतीने बिघडत नाही. वर्षभराच्या पावत्या एकत्र लावल्या की मात्र चित्र उभं राहतं: तुम्ही कोणत्या विचारांच्या लोकांना पैसे देता, कोणाला द्यायचं बंद केलंत, रोज किती वाजता गप्प होता. शेवटच्या गोष्टीवरून तुमचा टाइम झोन सहज कळतो.

काय करता येतं:

- डेमस, ॲमेथिस्ट यांसारख्या ॲपमध्ये झॅपचा प्रकार निवडता येतो. सार्वजनिक झॅपमध्ये सगळं वर सांगितल्याप्रमाणे उघड. खासगी प्रकारात तुमची ओळख घेणाऱ्यालाच कळते. अनामिक प्रकारात ॲप तात्पुरत्या चावीने सही करतं. पण या दोन्हींत पावती निघतेच आणि रक्कम, पोस्ट, वेळ सगळ्यांना दिसते.
- पावतीच नको असेल तर झॅप न करता लाइटनिंग पत्त्यावर थेट पैसे पाठवा. पोस्टखाली तुमचा आकडा दिसणार नाही, पैसे मात्र पोचतील. नाजूक विषयांवर लिहिणाऱ्यांना मी असेच पाठवते.
- मूळ सेटिंग एकदाच खासगी करून ठेवा. दर वेळी निवडायचं लक्षात राहत नाही.

घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: पावती म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नाही. ती घेणाऱ्याच्या सर्व्हरच्या शब्दावर चालते, त्यामुळे कुणी आपल्याच सर्व्हरवरून खोट्या पावत्या काढून आकडे फुगवू शकतो. "याला एवढे झॅप मिळाले" यावरून विश्वास ठेवू नका.

नॉस्टरवर ई-कॅशने दिलेले 'नटझॅप'ही दिसतील. ई-कॅशची मूळ कल्पना डेव्हिड चॉम यांची, १९८२ ची: टांकसाळ डोळे झाकून नाण्यावर सही करते, त्यामुळे परत आलेलं नाणं तिने कोणाला दिलं होतं हे तिलाच ओळखता येत नाही. सुंदर आहे. पण नटझॅपही सार्वजनिक नोंद म्हणूनच प्रसिद्ध होतो, त्यामुळे कोणी कोणाला दिले हे पुन्हा दिसतंच. शिवाय पैसे टांकसाळीच्या ताब्यात असतात. ती बंद पडली तर गेले. चहापाण्यापुरती रक्कमच तिथे ठेवा.

पायरी ६: पैसे कोणाच्या ताब्यात ठेवायचे

दुसऱ्याच्या ताब्यातलं वॉलेट दोन मिनिटांत सुरू होतं. बाहेरच्याला त्यात तुम्ही वेगळे दिसत नाही, कारण हजारोंचे पैसे एकाच नोडवरून जातात. पण चालवणाऱ्याला तुमचा प्रत्येक व्यवहार, रक्कम, वेळ आणि बहुधा ईमेलही माहीत असतो. त्याच्याकडून माहिती फुटली किंवा मागवली गेली, तर सगळं एका फटक्यात बाहेर.

स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये चाव्या तुमच्या, पण खासगीपणा आपोआप येत नाही. फोनवरच्या बहुतेक लाइटनिंग वॉलेटचं चॅनेल, म्हणजे पैसे ये-जा करायची वाट, एकाच कंपनीशी जोडलेलं असतं. येणारी-जाणारी प्रत्येक रक्कम आणि वेळ तिला दिसते. चॅनेल उघडताना एक व्यवहार साखळीवर जातो, तो बचतीच्या नाण्यातून केला तर पुन्हा दोरा जुळला. स्वतःचा सार्वजनिक नोड चालवत असाल तर आणखी जपा: नेहमीच्या बोल्ट११ इन्व्हॉइसमधून नोडची ओळख काढता येते, नोडवरून त्याची चॅनेल आणि चॅनेलवरून साखळीवरची नाणी. असं इन्व्हॉइस पोस्टमध्ये टाकणं म्हणजे पूर्ण नकाशा देणं. नवं बोल्ट१२ हे यासाठी शेवटचा रस्ता झाकून देतं. वॉलेटमध्ये ती सोय असेल तर तीच वापरा.

माझं मत विचाराल तर सुरुवातीला छोटी रक्कम, वेगळ्या ईमेलने उघडलेलं दुसऱ्याच्या ताब्यातलं वॉलेट चालेल. रक्कम वाढू लागली की स्वतःच्या ताब्यात.

नॉस्टरच्या ॲपला वॉलेट जोडताना जो लांब दुवा मिळतो, तो चावीच समजा. त्यावर दिवसाची मर्यादा घाला आणि प्रत्येक ॲपसाठी वेगळा दुवा काढा.

पायरी ७: आयपी पत्ता

रिले, लाइटनिंग पत्त्याचा सर्व्हर, वॉलेटचा सर्व्हर, प्रोफाइलमधली चित्रं जिथून येतात तो सर्व्हर, या सगळ्यांना तुमचा आयपी पत्ता दिसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटामास्क हे वॉलेट बनवणाऱ्या कन्सेन्सिसच्या धोरणात हे स्पष्ट लिहून आलं, की त्यांची इन्फ्युरा सेवा वापरून व्यवहार केल्यास आयपी पत्ता आणि वॉलेटचा पत्ता दोन्ही गोळा होतात. लोक खवळले, पण तंत्राच्या दृष्टीने त्यात नवल नव्हतं. तुमचं वॉलेट कुणाला तरी विचारूनच शिल्लक दाखवतं.

वॉलेटमध्ये टॉरची सोय असेल तर चालू करा. व्हीपीएनही चालेल, पण मग सगळं त्या कंपनीला दिसतं हे धरून चला. स्वतःचा नोड हा पक्का उपाय, पण नवख्याने पहिल्याच आठवड्यात त्यामागे लागू नये.

पायरी ८: जमलेले पैसे बाहेर काढताना

इथे तुमच्या कायदेशीर नावाशी गाठ पडते. केवायसी केलेल्या एक्स्चेंजवर टिपचे पैसे टाकले की एक्स्चेंजला तुमचं टोपणनाव शोधता येतं, कारण तो पत्ता प्रोफाइलवर आहे. २०१९ मध्ये एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने ठरवलं, की क्रिप्टो सेवा-कंपन्यांनी व्यवहाराबरोबर पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहितीही पुढच्या कंपनीला द्यावी. १००० डॉलर किंवा युरो ही तिची शिफारस केलेली मर्यादा. अनेक देशांनी ते कायद्यात आणलं आहे. म्हणजे एक्स्चेंजला कळणार, हे धरूनच चाला. आपला प्रश्न उरतो तो बाकीच्या जगाचा.

टिपच्या नाण्यांना बचतीच्या नाण्यांबरोबर पाठवू नका. एक्स्चेंजवरून बचतीसाठी पैसे काढायचे तर नव्या पत्त्यावर काढा. नाणी बदलून खुणा मोडायच्या म्हणून काही जण एका नाण्यातून मोनेरोत जातात आणि तासाभरात तेवढीच रक्कम परत काढतात. दोन्ही टोकांना जवळजवळ सारखा आकडा आणि जवळची वेळ दिसली, की जोडायला गणित लागत नाही.

मिक्सरबद्दल, म्हणजे माग तोडण्यासाठी अनेकांची नाणी एकत्र मिसळणाऱ्या सेवांबद्दल, नवे लोक हमखास विचारतात. टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर अमेरिकेच्या अर्थखात्याने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले आणि मार्च २०२५ मध्ये उठवले. मिसळण्याची सोय देणारं सामुराय वॉलेट चालवणाऱ्यांना एप्रिल २०२४ मध्ये अटक झाली. तिथून आलेली नाणी एक्स्चेंजने अडवून ठेवण्याची शक्यता असते, आणि खुलासा तुम्हालाच करावा लागतो. चारआठ टिपांसाठी नवख्याने या वाटेला जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पहिल्यापासून पाकिटं वेगळी ठेवलीत तर त्याची गरजही पडत नाही.

कराच्या नोंदी मात्र चोख ठेवा. वाचकांपासून आणि चोरांपासून खासगीपणा राखणं हा तुमचा हक्क आहे, मिळकत न सांगणं ही वेगळी गोष्ट. वहीत तारीख, रक्कम आणि त्या दिवसाचा भाव लिहा.

पायरी ९: स्वतःच्याच प्रोफाइलचा माग काढा

महिन्यातून एकदा अर्धा तास द्या. कुठेही लॉगिन न करता, टॉर ब्राउझरमधून, अनोळखी माणसाच्या नजरेने स्वतःचं प्रोफाइल उघडा आणि पाहा:

- बायोमधल्या पत्त्यावरून ब्लॉक एक्स्प्लोररवर (साखळीवरचे व्यवहार शोधून दाखवणाऱ्या साइटवर) शिल्लक दिसते का? पुढचे-मागचे पत्ते कुठे जातात?
- तोच पत्ता किंवा तेच टोपणनाव दुसऱ्या कुठल्या साइटवर आहे का?
- शेवटचे वीस झॅप पाहून तुमच्याबद्दल काय सांगता येतं?
- वॉलेटचा स्क्रीनशॉट कधी पोस्ट केला होता का? त्यातली रक्कम आणि वेळ यांवरून व्यवहार शोधता येतो.

टॉरचा आग्रह का, तर आपलेच दोन पत्ते, जे जगाला वेगळे वाटतात, ते नेहमीच्या ब्राउझरमधून लागोपाठ शोधले की एक्स्प्लोरर चालवणाऱ्याला ते एकाच माणसाला हवेत हे कळतं. एका बैठकीत बचतीचा आणि टिपचा पत्ता दोन्ही शोधू नका.

याच वेळी आलेल्या किरकोळ, अनोळखी रकमाही पाहा. उघड पत्त्यांवर काही लोक मुद्दाम धुळीएवढी रक्कम टाकतात. तुम्ही ती इतर नाण्यांबरोबर खर्च कराल आणि पत्ते जोडले जातील, ही त्यांची अपेक्षा असते. ती 'खर्च करू नये' म्हणून गोठवा. इथेरियमवर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारख्याच सुरुवातीच्या आणि शेवटच्या अक्षरांच्या पत्त्यावरूनही अशा रकमा येतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही इतिहासातून चुकीचा पत्ता उचलाल. पत्ता इतिहासातून कधीच उचलू नका, आणि पाठवताना मधली अक्षरंही ताडून पाहा.

आधीच उघड झालं असेल तर

लिहिलं गेलेलं पुसता येत नाही, पण तिथून पुढचा दोरा तोडता येतो. पत्ता प्रोफाइलवरून काढा, जुन्या पोस्टमधूनही. नवं वॉलेट नव्या सीडने उघडा. आणि घाईने जुन्यातलं सगळं नव्यात ओतू नका. निरोप आला त्या संध्याकाळी मी हेच केलं, आणि माझ्याच हाताने नव्या वॉलेटकडे जाणारी ठळक खूण काढली. ते दुसरं वॉलेटही मला सोडून द्यावं लागलं.

जुनं आहे तिथेच राहू द्या. त्यातून खर्च करायचा असेल तर एकेक नाणं, वेगवेगळ्या वेळी, एकत्र न करता करा. नवी बचत नव्या ठिकाणी, पहिल्या दिवसापासून वेगळी. तुम्हाला ज्यांनी टिप पाठवली होती, त्यांनाही एक ओळ लिहा, की तुमचा पत्ता उघडा पडला आहे आणि त्यांचे व्यवहारही त्यात दिसतात. मी अकरा जणांना लिहिलं. त्यातल्या दोघांनी उत्तर दिलं, की त्यांनी टिप बचतीच्याच वॉलेटमधून पाठवली होती, आणि मग आम्ही तिघांनी मिळून त्यांचं टिपचं वॉलेट वेगळं करायला घेतलं.